अंधारावरचा आळ

संपादकांनी कळवलं होतं, "आकाशाविषयी काहीतरी प्रसन्न लिहा." बरेच दिवस कागद समोर ठेवून बसलो. प्रसन्न काही सुचलं नाही. माझे सहकारी राठोड सर दोन दिवाळ्यांपूर्वी गेले. त्यांच्या जाण्याचं कारण म्हणून सरकारी कागदावर एक शब्द लिहिला गेला, अंधार. आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं अंधाराच्या सोबतीनं काम केलं. अंधार कधी सुरू होतो आणि कधी सुरू झालेला नसतो, एवढं तरी आम्हाला कळत होतं. त्यामुळे मी जे लिहीन ते रागानंच लिहिलं जाईल. अंकाला चालत असेल तर छापा.

आधी आमचं काम सांगतो. मी हिंगोलीत भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि राठोड सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित. पोट त्यावर चाले. पण काय करता असं कुणी विचारलं की दोघांच्याही मनात दुसरंच उत्तर येई: तारा मोजतो. अनेकवचन नाही. आमचा खरा तारा एकच होता.

उत्तरेच्या बाजूला अभिजित नावाचा ठळक तारा आहे, त्याच्या आणखी उत्तरेला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावला की एक साधा ठिपका उमटतो. त्या ठिपक्यात दोन तारे आहेत. एक श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, वजन मात्र सूर्याच्या निम्म्याहून जास्त. दुसरा लालसर, थंड, साधासुधा. दोघं इतके जवळ आहेत की ती जोडी आपल्या सूर्याच्या पोटात जवळजवळ मावेल. तीन तासांत त्यांची एकमेकांभोवती फेरी होते. लाल ताऱ्याचा वायू पांढऱ्याकडे ओढला जातो. इतर अशा जोड्यांत तो वायू आधी चकतीसारखा गोल फिरत राहतो. आमचा श्वेत बटू प्रचंड मोठा चुंबक आहे, तो वायूला फिरू देत नाही. धरतो आणि थेट आपल्या ध्रुवावर आपटतो. आपटताना जो उजेड पडतो तो आपल्याला दिसतो. फेरीमध्ये तो ध्रुव कधी समोर येतो, कधी आड जातो, म्हणून ठिपका कमीजास्त होतो.

आणि मधूनच लाल तारा वायू देणं बंद करतो. जोडी मंदावते. महिनोन्महिने तशीच राहते. का बंद केलं आणि पुन्हा केव्हा सुरू करणार, हे कुणालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून कुणीतरी रोज बघायला लागतं.

राठोड सर हे सगळं आपल्या तांड्यावर समजावून सांगत. दुर्बीण त्यांच्याच तांड्याच्या माळावर होती, शिरड शहापूरपासून आत, टेकाडावर. तांड्याचे नाईक धनसिंग यांनी एकदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पांढरा तो सासरा अन् लाल ती सून. सून वाढती तंवर म्हातारा उजळून राहतो. तिनं ताट थांबवलं की झाला बारीक."

"बराबर," राठोड सर म्हणाले.

"अन् ताट काहून थांबवती?"

"तेच कळंना म्हणून तर बघून राहिलो, काका."

मागे बसलेल्या जमनाबाई, सरांच्या शेजारीण, म्हणाल्या, "सासऱ्याकडं बघू नका. सुनंला इचारा." सगळे हसले. मी अनेक व्याख्यानं ऐकली आहेत, या प्रश्नाचं नेमकं ठिकाण इतक्या थोडक्यात कुणी दाखवलेलं नाही. अडचण खरोखरच लाल ताऱ्यात आहे.

मोजणीसाठी आमचं पत्र्याचं शेड होतं. शिरड शहापूरच्या गफारभाईंनी जुन्या फाटकाची चाकं बसवून त्याला सरकतं छप्पर करून दिलं. वेल्डिंग करताना ते म्हणाले, "लोक पाऊस लागू नये म्हणून छत करतात. तुमी उघडं टाकायसाठी करून राहिले. आपल्याला काय, मजबूत करून देतो." छप्पर ढकललं की खडखडाट सगळ्या तांड्याला ऐकू जाई, आणि बायका दारावरच्या दिव्यांना टोपल्या घालत. कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला राठोड सरांच्या आईनं एकदा भाकरीची टोपली दिव्यावर उपडी टांगली, दुसऱ्या दिवशी शेजारणीनं, मग ती रीतच पडली. चुलीपुरता उजेड खाली सांडे, आकाशाकडे जात नसे. परदेशात वेधशाळांभोवती यासाठी कायदे करावे लागतात असं मी वाचलं होतं.

गिऱ्हाइकंही येत. कुणाला शनी हवा असे, कुणाला लग्नाआधी मंगळ. कुरुंद्याचे एक हळदीचे व्यापारी गाडी करून आले होते. आमचा ठिपका पडद्यावर बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "सर, हळद ठेवू का विकून काढू?"

राठोड सर म्हणाले, "शेठ, हा तारा उद्या उजळंल का एवढंबी आमाला सांगता येत न्हाई."

"मंग रोज बघता काहून?"

"सांगता येत न्हाई म्हणूनच."

शेठजी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे सर तुमचे हुशार हायेत, पण जरा जपा त्यांना." मला तेव्हा हसू आलं होतं.

काम करण्याची आमची एक पद्धत होती. एकाच फोटोवरून दोघं ताऱ्याच्या तेजाची वेगवेगळी मोजणी करायचो, शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी तुलना करून. आपला आकडा दुसऱ्याला आधी सांगायचा नाही. माणसाचं मन फार लवकर दुसऱ्याच्या आकड्याशी जुळवून घेतं. दोन्ही आकडे जमले तर परदेशात जिथं असे आकडे गोळा होतात तिथं पाठवायचे, नाही जमले तर भांडायचं. राठोड सर भांडताना मला 'सर' म्हणणं सोडत नसत, त्यामुळे ते भांडण जास्तच लागे. "सर, तुमी काल नीट झोपले न्हाईत, तुमचा आकडा झोपाळलाय."

आमचे आकडे जगाला हवे असत, याचं कारण आमची हुशारी नव्हती. कारण भूगोल होता. दिवाळीच्या सुमारास हा तारा संध्याकाळी पश्चिमेकडे झुकलेला असतो, अंधार पडताच धरावा लागतो. आपल्याकडे अंधार पडतो तेव्हा युरोपात भर दिवस असतो, अमेरिकेत पहाट सरत असते, जपानात तारा मावळतीला टेकलेला असतो. ते दोन-अडीच तास आपल्या भागाचे. त्या वेळात बघणारं कुणी नसलं तर ताऱ्याच्या आलेखात तेवढी भोकं पडतात.

आता संध्याकाळविषयी. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

तारा मोजणारा माणूस अंधार पडल्यावर कामाला येत नाही. तो सूर्य बुडतानाच येतो. दुर्बिणीचा आरसा दिवसभर तापलेला असतो, त्याला निवू द्यावं लागतं. आणि कॅमेऱ्याच्या खोडी ओळखण्यासाठी आकाशाचे कोरे फोटो घ्यावे लागतात. हे फोटो घ्यायची वेळ म्हणजे सूर्य गेला आहे, पण उजेड आहे आणि तारे अजून उमटलेले नाहीत. आपल्याकडे संधिप्रकाश झरझर ओसरतो. उशीर केला तर कोरं आकाश मिळत नाही. वर्षानुवर्षं रोज ही वेळ पकडून आम्हाला तिच्या पायऱ्या माहीत झाल्या होत्या: आता पुस्तक वाचता येतं, आता अक्षरं दिसतात पण वाचवत नाहीत, आता माणूस ओळखू येतो, आता नुसती आकृती. सूर्य बुडाला म्हणजे अंधार झाला असं आमच्या धंद्यात कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी राठोड सरांचा फोन आला. "सूर्य टेकला सर, मी निघालो. कोरे फोटो मी घेतो, तुमी चहा पिऊन या."

मी चहा प्यायलो नाही. शिरड शहापुरातच होतो, लगेच निघालो. तांड्याकडे चढणाऱ्या रस्त्याला उसाच्या शेताजवळ एक वळण आहे. त्या वळणावर उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी होती. ट्रॅक्टर सोडवून नेलेला होता. राठोड सर ट्रॉलीच्या मागच्या बाजूला पडलेले होते, मोटारसायकल नाल्यात. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर शाळेतल्या खडूची पांढरी धूळ होती. ती मला दिसली. गवतात पडलेला चष्मा दिसला. ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेली अक्षरं मी वाचली. पश्चिमेला केशरी पट्टा होता. मी त्यांना हाक मारली, पुन्हा मारली. माणूस गेलेला आहे हे मला कळत होतं, तरी हाक मारत राहिलो.

हवालदार आले तेव्हा खरोखरचा अंधार झाला होता. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पंचनामा केला. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं असं, की ट्रॉलीचं चाक बिघडून ती दुपारपासून तिथंच उभी होती, सरांना ती अंधारात दिसली नाही. मी म्हणालो, उजेड होता. मी स्वतः पाहिलंय. उभी ट्रॉली चढाच्या पायथ्यापासून दिसली असती. ती शेतातून मागे घेताना अचानक रस्त्यावर आली असणार.

हवालदारांनी विचारलं, "वेळ सूर्यास्तानंतरची ना?"

"हो, पण उजेड होता."

"सूर्य बुडल्यावर उजेड कुठून आणता, सर?" ते म्हणाले आणि लिहिलं: अंधारामुळे.

मी लेखी निवेदन दिलं. पुन्हा दिलं. वर्गात पोरांना मी एकाच गोष्टीचं शिक्षण दिलं होतं, की जे पाहिलं ते लिहायचं. ठाण्यात मला कळलं की जे लिहिलं तेच पाहिलं असं धरतात.

ट्रॅक्टर चालवणारा माणूस आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा भाचा होता. लोक त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. दादा शोकसभेला आले, राठोड सरांच्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या अंधारानं आमचे सर नेले, तो अंधार या तांड्यावरून कायमचा हटवणार." तांड्यावर हायमास्ट लावणार. उंच लोखंडी खांब, वर दिव्यांचं गोल झुंबर, चौकाचौकांत असतो तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

मंजुरी यायला बरेच महिने गेले. जागा पाहायला माणसं आली तेव्हा मला कळलं की खांब वळणावर लावायचा नाही. माळावर, आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर लावायचा. मी दादांच्या घरी गेलो. एरवी मी कुणाकडे काही मागायला जात नाही.

"दादा, दिवा लावायचाच असेल तर वळणावर लावा. साधा लावा. अपघात तिथं झालाय."

"वळणावर मंडप कुठं बसंल, सर?" त्यांनी शांतपणे विचारलं. "कार्यक्रम करायचा तर जागा नको का? अन् तांड्याला हायमास्ट, आख्ख्या भागात पहिला. माळावर कसा उठून दिसंल."

"माळावर लावलात तर दुर्बीण बंद पडेल. राठोड सरांनी आयुष्य घातलं त्याच्यात."

"तुमी दुर्बीणवाले, तुमाला उजेडाचं वावडं. आमाला जनतेचं बघावं लागतं." मग ते पुढे झुकले. "राठोड सरांच्या नावानं दिवा लावून राहिलो आपण. तुमी त्यांचे जिगरी. तुमीच म्हणता, नाव विझवा?"

मी उठलो. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्घाटनाला दोन शब्द तुमीच बोला. तुमच्याशिवाय कोण बोलंल?"

राठोड सरांच्या पत्नी शांताबाई अंगणात मूग निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं, तुम्ही नको म्हणालात तर दादांना ऐकावं लागेल. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "कसं म्हणू, गुरुजी? नवऱ्याच्या नावाचा दिवा नको म्हणली असं होईल. उद्या माझ्याच घरात लोकं बोलतील." सूप हलवत म्हणाल्या, "दादांना म्या इचारलं व्हतं, ट्रॅक्टर कोन चालवत व्हतं. ते म्हणले, ताई, आता कुणाला दोष द्यायचा, अंधार व्हता. मी म्हणलं, आमचे हे रोज अंधार पडायच्या आत यायचे. ते म्हणले, त्या दिवशी उशीर झाला आसंल." त्यांनी एक खडा उचलून टाकला. "उशीर व्हायचा न्हाई त्यांना. मला म्हाईत हाय. पण माझं म्हाईत आसणं कुठं लिव्हतात?"

त्याच दिवसांत परदेशातून एक विनंती आली, आमच्यासारख्या सगळ्या मोजणाऱ्यांना. आमचा तारा बराच काळ मंद होता. तो जागा होण्याची चिन्हं दिसत होती. अवकाशातली एक दुर्बीण त्याच्याकडे वळवणार होते, आणि तेवढे दिवस जमिनीवरून सतत नजर हवी होती, खंड न पडता. आपल्या संध्याकाळच्या वेळेसाठी यादीत आमच्या शेडचंच नाव होतं. राठोड सरांनी या क्षणाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. "सून ताट कसं वाढाया लागती ते पहिल्या घासापासून पाह्यचंय, सर," असं म्हणत. दिव्याचं उद्घाटन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं. आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं होतं.

कार्यक्रम दुपारी उशिरा होता, म्हणजे बटण दाबायच्या वेळी दिवा उठून दिसावा. खांबाखाली कोनशिला होती. तिच्यावर लिहिलं होतं: "अंधाराने आमच्यातून हिरावून नेलेले गणितज्ञ राठोड सर यांच्या स्मृतीस." त्यांना गणितज्ञ म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. बाकीच्या वाक्याविषयी मी काय सांगू? खोटं दगडावर कोरलं की ते किती शांत दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

पाहुण्यांना उशीर झाला. सत्कार झाले. नारळ फुटला. दादा तासभर बोलले, त्यात अंधार हा शब्द इतक्या वेळा आला की मी ऐकणं सोडलं आणि पश्चिमेकडे बघत बसलो. सूर्य बुडाला. मग माझं नाव पुकारलं.

मी भाषण लिहून नेलं होतं, दोन पानं, सगळं सौम्य. चष्मा लावून वाचायला घेतलं, आणि लक्षात आलं की मला वाचता येतंय. सूर्य जाऊनही प्रत्येक अक्षर दिसत होतं. मी कागद घडी करून खिशात ठेवला. माळाखाली ते वळण होतं. मंडपाचं सामान आणणारी एक ट्रॉली चढावर आली नाही म्हणून तिथंच उभी होती.

मी म्हणालो, "नाईककाका, जरा वळणाकडे बघा. काय दिसतं?"

धनसिंग नाईक खुर्चीतून उठले, कपाळावर हात धरला. "ट्रॉली हाय."

"कसली?"

"निळी. मागं पिवळा पट्टा. वर एक बाबा बसलाय, चप्पल हलवून राहिला." लोक हसले. "गफारभाईचा भाऊ वाटते."

गफारभाई खालून म्हणाले, "मेरा नहीं, वो डेकोरेशनवाला है."

पुन्हा हसले. मी हसू ओसरू दिलं. मग म्हणालो, "राठोड सर गेले तेव्हा याहून जास्त उजेड होता. मी त्यांच्या बाहीवरचा खडू पाहिला. आता तुम्ही सांगा, या क्षणी अंधार आहे का?"

कुणी हसलं नाही. मी आयुष्यात कधी भर सभेत कुणाला असं विचारलं नव्हतं. दादा माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. जमनाबाई बसूनच बोलत होत्या. "गुरुजी, सर गेले त्या दिवशीची ती ट्रॉली दुपारपासून उभी व्हती म्हणतात न्हवं? न्हवती. आमी चौघीजणी कापूस येचून त्याच रस्त्यानं आलो. सूर्य टेकला व्हता. रस्ता मोकळा व्हता. ट्रॉली शेतात व्हती, उसात, ट्रॅक्टर जोडलेला. भरून राहिले व्हते."

दादा माइकशिवाय म्हणाले, "मावशी, एवढे दिवस बोलली न्हाईस ते?"

"इचारलं कुणी?" जमनाबाई म्हणाल्या. "पोलीस आले, गड्यांना इचारलं, गेले. आमी चुलीपाशी."

शांताबाई पहिल्या रांगेत होत्या, सत्काराची शाल मांडीवर. त्यांनी वळून जमनाबाईंकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. दोघी रोज एकाच हौदावर पाणी भरत होत्या.

"आजचा दिवस या विषयाचा न्हाई," दादा म्हणाले, पुढे आले आणि बटण दाबलं.

दिवा लागला. माळ पांढरा झाला. कोनशिला, खुर्च्या, सगळ्यांचे चेहरे, पायाखालचे खडे, सगळं लख्ख. लोकांनी सवयीनं वर पाहिलं, डोळ्यांवर हात घेतले. मग एकेक जण पुन्हा वळणाकडे बघायला लागला. तिथं काही नव्हतं. प्रकाशाच्या गोलाबाहेर नुसतं काळं. निळी ट्रॉली नाही, पिवळा पट्टा नाही, रस्ता नाही.

नाईक म्हणाले, "आरं, वळण गेलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई, नाईक, जमनाबाई आणि त्यांच्या तिघी मैत्रिणी ठाण्यात गेले. मीही गेलो. साहेब नवे होते, त्यांनी ऐकून घेतलं. पुरवणी जबाब घेतले, पहिल्यांदाच बायकांचे. म्हणाले, "जागेवर येऊन त्याच वेळेला बघावं लागेल, खरंच किती दिसतं ते."

नाईक म्हणाले, "मंग दिवा बंद लागंल. तवा दिवा न्हवता."

"बंद ठेवा," साहेब म्हणाले. "मी येतो दोन-चार दिवसांत."

परत येऊन नाईकांनी खांबाच्या बटणाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली शांताबाईंकडे दिली. दादांची माणसं आली, नाव विझवलं म्हणून ओरडली. नाईकांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "साहेबाचा हुकूम हाय. पंचनामा होईस्तोवर बंद." दादांना पोलिसांच्या शब्दाबाहेर जाता आलं नाही. पोलिसांचं ऐका, हेच ते जन्मभर लोकांना सांगत आले होते.

त्या आठवड्यात मी तारा मोजला. तो उजळत होता, रोज थोडा थोडा, मग एका संध्याकाळी एकदम. मी आकडे पाठवले. त्यांच्याशी ताडून बघायला दुसरे आकडे नव्हते, आणि ते कळवतानाही मला लाज नाही, राग आला. दुसरे आकडे देणारा माणूस असायला हवा होता. तिकडून आभाराचं पत्र आलं. आलेखात आपल्या संध्याकाळचं भोक पडलं नाही.

साहेब दोन-चार दिवसांत आले नाहीत. निवडणुकीचा बंदोबस्त लागला. मग यात्रेचा. मग त्यांची बदली झाली. पुढचे साहेब म्हणाले, फाइल बघतो. उन्हाळा गेला, पाऊसही आता उलगडत आला. दिवा बंद आहे. संध्याकाळ झाली की तांड्यावरचे लोक अजून माळावर येऊन बसतात, जबाब दिलेल्या बायका हमखास. कुणी शेंगा फोडतं, कुणी लेकराला खेळवतं. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पुस्तक वाचता येण्याची पायरी जाते, माणूस ओळखू येण्याची जाते. मग लोक उठतात, कपडे झटकतात आणि घरी जातात. मी छप्पर ढकलतो.

म्हणजे माझ्या दुर्बिणीला इतका चांगला अंधार मिळतोय तो कुणाच्या कृपेनं, तर पोलिसांची एक जीप तांड्यापर्यंत येत नाही म्हणून. एका माणसाच्या मरणाकडे बघायला कुणाला वेळ नाही, त्या न बघण्यावर माझं बघणं चाललंय. मला अनेकांनी सुचवलं, गुरुजी, तुमचं तर बरंच झालं, कशाला तगादा लावता? एका प्राध्यापकांनी हे हसत सांगितलं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे. दर सोमवारी ठाण्यात जातो. बाकावर बसतो. उठवलं की पुढच्या सोमवारी येतो म्हणून सांगतो.

परवा उघडीप होती. सगळे गेल्यावर शांताबाई मागे राहिल्या. किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली असते. म्हणाल्या, "गुरुजी, साहेब येऊन बघून गेले की कुलूप काढावं लागंल न्हवं?"

"हो."

"मंग तुमचा तारा?"

मी म्हणालो, "येऊ द्या साहेबांना."

त्या खाली बसल्या. मीही शेजारी बसलो. रस्त्यावर बराच वेळ काही नव्हतं. मग वळण दिसेनासं झालं.